आप्पा डॉक्टरांची पुडी

आप्पा डॉक्टर पेशंटला नावावरून नव्हे, चपलेवरून आत बोलवत. सकाळी सातपासून दवाखान्याच्या पायरीखाली चपलांची रांग लागायची. लोक यायचे, रांगेत चपला काढायचे आणि अनवाणीच समोरच्या हॉटेलात चहाला जाऊन बसायचे. नवाच्या ठोक्याला आप्पा दार उघडत, रांगेवरून नजर टाकत आणि म्हणत, "निळा पट्टा, या आत." मग, "अंगठा तुटलेली, चला." कुणाच्या चपलेकडे बघूनच सांगत, "हिची टाच एका बाजूनं झिजलीया, हिचा गुडघा धरला असणार." आणि ते बरोबर निघायचं. एकदा एका हुशार माणसानं एक चप्पल रांगेत पुढं लावली आणि दुसरी मागे मित्रासाठी धरून ठेवली. आप्पा पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "एकाच पायाचा पेशंट कोण हाय रं? बिचाऱ्याला आधी घ्या." अख्खी गल्ली हसली. तो माणूस पुन्हा कधी रांगेत घुसला नाही.

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या दारासमोर, मध्ये फक्त रस्ता. पलूसकडून आमच्या गावात शिरलं की बाजारपेठ म्हणून जी काही आहे ती हीच गल्ली. सासरी माझं पटलं नाही, मी आईजवळ परत आले आणि मशीन टाकलं. भाऊ फौजेत, तो सुट्टीला येणार तेवढाच. त्यामुळं आईचं दुखणंखुपणं सगळं माझ्याकडं. मशीनवरून मान वर केली की समोर आप्पा दिसायचे. पंधरा वर्षं हा माणूस मी रोज बघितला. माझ्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही असं मला वाटायचं. काय ओळखत होते, कपाळ माझं.

ठेंगणी मूर्ती, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला पेन नाही. डॉक्टरच्या खिशाला पेन नाही याचं आम्हाला कुणाला कधी नवल वाटलं नाही. ते काही लिहीतच नसत. नाडी हातात धरायची, नजर बाहेर रस्त्यावर आणि गप्पा भलत्याच. "पाण्याची पाळी कवा हाय तुमची? पोरीचं जमलं का कुठं?" माणूस बोलता बोलता सैल पडायचा आणि मग हळूच विचारायचे, "काल रातच्याला काय खाल्लंस?" शिकलेलं कुणी चिठ्ठी मागितली तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "कागद वाचून कोण बरं झालंय? तू माझ्या डोक्यात हाईस."

मग ते आतल्या खोलीत जायचे. पडदा पडायचा आणि खलबत्त्याचा आवाज सुरू व्हायचा. गोळ्या कुटून ते बाहेर येत आणि टेबलावर पुड्या बांधत, जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या. एका हातानं, बघता बघता, अशा घट्ट की पिशवीत उलटीपालटी झाली तरी कण सांडायचा नाही. दिवसाला तीन, मधातून. मी तर कौतुकानं बघायची. माझ्या हाताला घडीचं वेड, त्यामुळं दुसऱ्याची चांगली घडी मला आवडते. एकदा विचारलंसुद्धा, "आप्पा, गोळ्या अख्ख्याच का देत न्हाई?" म्हणाले, "अगं, गोळी बघितली की माणूस रंग बघतंय, आकार बघतंय, शेजाऱ्याच्या गोळीशी ताडून बघतंय. पुडीत काय बघणार? गप घेतंय." मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. मी ते चार गिऱ्हाइकांना सांगितलंही होतं.

आता हे सांगते ते खोटं नाही, रागानं काही झाकायचं नाही मला. पुराच्या वेळी आम्ही सगळे शाळेत होतो. आप्पांच्या स्वतःच्या घरात छातीभर पाणी. आणि हा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चौथीच्या वर्गात बसून लोकांचे पाय धुऊन चिखल्यांना मलम लावत होता. बायकांचे, बाप्यांचे, ज्यांना कुणी शिवत नाही अशा म्हाताऱ्यांचे. माझ्या आईचे पाय त्यांनी मांडीवर घेतले तेव्हा ती संकोचून म्हणाली, "आवं डाक्टर, पाप लावताय व्हय मला?" ते म्हणाले, "आक्का, माझी आई असती तर तिचं पाय कोण धुतलं असतं?" त्या दिवसापासून आई त्यांना देवमाणूस म्हणायला लागली. मीही म्हणायला लागले. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तर राग जास्त येतो.

आईचे गुडघे पुरानंतर गेलेच. न्हाणीची पायरी ती बसून उतरायची. सांगलीत दाखवलं, त्यांनी ऑपरेशन सांगितलं. आई म्हणाली, "मी चिरफाड करून घ्यायची न्हाई." आप्पा म्हणाले, "ऑपरेशन कशाला? मी हाय की." पुडी चालू झाली. चौथ्या दिवशी आई उभी राहून भाकरी थापत होती. आठव्या दिवशी देवळापर्यंत चालत गेली आणि चालत परत आली. मी दुकान बंद करून नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन आप्पांच्या पाया पडायला गेले. "तुमच्या हाताला गुण हाय आप्पा," मी म्हणाले. ते हसले. "गुण हाताला नसतोय, विश्वासाला असतोय."

मग मी जाहिरातबाईच झाले त्यांची. ब्लाऊज शिवायला आलेल्या बाईनं कंबर धरली की मी टेप बाजूला ठेवून समोर बोट दाखवायची. शेजारी बांगड्यांचं दुकान आहे शकीलाभाभीचं. तिला दमा. तिलाही मीच नेलं. तिचाही दमा बसला. आम्ही दोघी दुपारी डबा खाताना आप्पांचं गुणगान गायचो.

दोन वर्षांत आई गुबगुबीत झाली. गाल वर आले, चेहरा गोल झाला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आक्कानं काय अंग धरलंय, सून आल्यागत तुकतुकीत दिसतीया." मला बरं वाटायचं. तिचे ब्लाऊज मीच उसवून सैल केले, तीनदा. पोटाला, पाठीला कापड कमी पडायचं आणि बाही मात्र दर वेळी आत घ्यावी लागायची. कंबर चार इंच वाढली, दंड दीड इंच उतरला. माप माझ्या हातात होतं. आयुष्यभर बायकांची मापं घेतली मी, अशी एका बाजूनं फुगणारी आणि दुसऱ्या बाजूनं सुकणारी बाई कधी बघितली नव्हती. तरी मी काय केलं, तर बाही आत घेतली आणि टीप मारली. शकीलाभाभी तिला बांगड्या भरताना म्हणाली होती, "आक्का, तुमचा हात नुसता दाबला तरी निळा पडतो." आई म्हणाली, "म्हातारं कातडं, दुसरं काय." आम्ही हसलो.

आणि मग ते नवरात्र आलं.

आईनं देवीला बोलून ठेवलं होतं. गुडघे चालायला लागले तर घट बसल्यापासून उठेपर्यंत नऊ दिवस उपास करीन, फळ आणि पाणी, दुसऱ्याच्या हातचं काही पोटात घेणार नाही. औषधसुद्धा नाही. इतकी वर्षं दुखण्यापायी तिला घटासमोर बसताच येत नव्हतं, आता येत होतं, म्हणून तिला ते फेडायचं होतं. मी तिला घेऊन आप्पांकडं गेले, विचारून घ्यावं म्हणून. गोळ्या कुटायला ते उठणारच होते, तेवढ्यात आई म्हणाली, "डाक्टर, आता नऊ दिस पुडी नगं. देवीला शब्द दिलाय."

आप्पा तसेच अर्धवट उठलेले राहिले. खुर्चीच्या दांड्यावर हात, तोंड उघडं. मी बघत होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, बाहेर बसलेल्या लोकांकडं बघितलं आणि खाली बसले. "करा की आक्का," म्हणाले. "देवीचं हाय, म्या कोण अडवणार?" पुढची चप्पल बोलवली. मी तेव्हा मनात म्हटलं, बघा, किती मान ठेवतात लोकांच्या देवाधर्माचा.

चौथ्या माळेला आईला मळमळायला लागलं. पाचव्या माळेला ती उठेना. म्हटलं, उपासानं झालंय. लिंबूपाणी दिलं, तिनं ओकून टाकलं. आप्पांना बोलवायला गेले तर दवाखाना बंद, म्हणे देवदर्शनाला गेलेत. सहाव्या माळेला सकाळी घटाला पाणी घालताना ती तिथंच कोसळली. हात बर्फासारखा गार. गाडी करून सांगलीला नेलं आणि दुपारी बारापर्यंत ती आयसीयूत दाखल झाली होती.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तोंडावर मास्क, बोलणं तुटक. "बीपी लागत नाहीये. कुठली औषधं चालू आहेत?"

"पुडी," मी म्हणाले.

"पुडीत काय?"

दोन वर्षं रोज तीन वेळा मी माझ्या हातानं आईला पुडी मधात कालवून दिली होती आणि त्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "चिठ्ठी, रिकामं पाकीट, काहीही?" काहीही नव्हतं. गुरुवारचा कोपरा छापलेला कॅलेंडरचा कागद होता फक्त, तोही घरी. "डॉक्टरना फोन लावा. नाव कळलं तर मला नेमकं औषध देता येईल. उगाच अंदाजानं दिलं आणि जंतुसंसर्ग असला तर अंगाशी येईल. तुमच्या आईकडं फार वेळ नाहीये."

मी व्हरांड्यात जाऊन आप्पांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. सगळं सांगितलं, बीपी, आयसीयू, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. "आप्पा, पुडीत काय होतं तेवढं सांगा."

ते म्हणाले, "ताकदीची गोळी होती गं. कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स."

"नक्की ना आप्पा? दुसरं काही?"

"सुमन, मी तुला खोटं सांगीन व्हय?"

मी आत जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नसावा. त्यांनी माझा फोन घेऊन स्वतः लावला. आप्पांनी आवाज ऐकला आणि कट केला. पुन्हा लावला तर बंद. तिसऱ्यांदाही बंद. बाई फोन माझ्या हातात देऊन आईच्या खाटेजवळ गेल्या. तिच्या गालाला बोट लावलं, दंडावरचे निळे डाग बघितले, पोटावरची चादर बाजूला केली. मग मला विचारलं, "या आधीपासून अशा जाड आहेत?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि माझ्या आवाजात अजून थोडा अभिमानच होता, देवा. "दोन वर्षांत तब्येत सुधारली."

"ही तब्येत नाही," बाई म्हणाल्या. "ही स्टेरॉईडची सूज आहे. दोन वर्षं रोज घातलंय यांच्या पोटात. एकदम थांबवलं की शरीर असं गळपटतं. असं एकदम थांबवायचं नसतं, हे मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं." त्यांनी धोका पत्करून, अंदाजानं, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास बीपी लागलं. सातला आईनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, घटाला पाणी कुणी घातलं.

आई वाचली. पण कोसळताना पाठीचा मणका दबला होता. फोटोत हाडं दाखवून बाई म्हणाल्या, आतून पोखरलीत, तेही त्याच औषधानं. आता हळूहळू गोळी कमी करत आणायची, हे महिनोन्‌महिन्यांचं काम. गुडघे पुन्हा धरणार, ते मी आधीच सांगून ठेवते, असंही म्हणाल्या. तसंच झालं. आई आता खाटेवर आहे. चेहरा उतरला, गाल बसले. चालता येत नाही.

मी गावात परत आले तर आप्पांचा दवाखाना उघडा, चपलांची रांग जशीच्या तशी. मी लोकांना सांगायला लागले. कुणी ऐकेल तर शपथ. "सुमन, तुझ्या आईला उपास बाधला." "सांगलीवाल्यांनी बिल वाढवायला काहीतरी नाव काढलं." ज्या बायकांना मीच बोट दाखवून समोर पाठवलं होतं, त्या मला म्हणत होत्या की मी देवमाणसावर आळ घेते. शकीलाभाभी तेवढी ऐकत बसली. मग म्हणाली, "सुमन, तू खरं बोलतीस, मला कळतंय. माझेही गाल बघ की. पण त्या पुडीनं मी दोन वर्षं झोपतीया. तू त्यांचा दवाखाना बंद पाडलास तर मी श्वास कुठनं आणू?" मी तिला एवढंच सांगितलं की एकदम बंद करू नकोस, माझ्याबरोबर सांगलीला चल. ती अजून नुसतं 'येते, येते' म्हणते.

पण मला गावाचं काही पडलं नव्हतं. मला आईचं पडलं होतं. तिला मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला गेले तर तिनं मला गप्प केलं. "त्यांच्या पुडीनं मी देवळाला चालत गेले. तुझ्या सांगलीच्या औषधानं खाटंवर पडले. मला डोळं हाईत." तिनं बघितलं ते तसंच होतं. तिला आता पटवायचं तर एकच माणूस पटवू शकत होता.

आणि तो माणूस एके दिवशी दुपारी स्वतःच दारात आला. हातात सफरचंदांची पिशवी. मी दारात उभी राहिले, वाट दिली नाही. मग वाटलं, येऊ दे. तिच्यासमोर बसू दे. आईच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायची हिंमत व्हायची नाही याला. मी बाजूला झाले.

आईनं त्यांना बघितलं आणि रडायलाच लागली. त्यांचा हात धरला. "बगा डाक्टर, काय दशा झाली माझी. हिनं तुमच्या पुड्या बंद केल्या. मी म्हणत होते, नगं, नगं. तुमी सांगा हिला. पुन्हा चालू करा म्हणावं."

मी चहाचा कप घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मी म्हणाले, "सांगा आप्पा. पुडीत काय होतं ते आईला सांगा."

आप्पांनी आईची नाडी धरली होती. नजर दाराबाहेर. बराच वेळ तशीच धरून बसले. मला वाटलं, आता बोलणार. मग त्यांनी हात सोडला आणि आईच्या डोक्यावरून फिरवला. "आक्का," म्हणाले, "सुमनचं ऐकायचं. पोरगी हाय तुमची, तुमच्या भल्याचंच बघतीया."

आई पदरानं डोळे पुसत माझ्याकडं वळली. "बघ. तू एवढं बोलतीस त्यांना, तरी त्यांच्या मनात काय न्हाई. तुझीच बाजू घेत्यात. असा माणूस मिळायचा न्हाई कुठं."

त्यांनी चहा घेतला. अर्धा. उठले. आई म्हणाली, "सुमे, डाक्टरास्नी वाटंपातुर सोडून ये." आमच्यात पाहुण्याला दारातून नुसतं लावून देत नाहीत. गेले मी.

कोपऱ्यावर त्यांची स्कूटर होती. मी म्हणाले, "मी फोन केला तेव्हा आई मरत होती. नाव सांगायला तुमचं काय गेलं असतं?"

"गावभर झालं असतं गं," ते म्हणाले. "मला वाटलं, मोठा दवाखाना हाय, त्यास्नी कळंलच."

"आणि नसतं कळलं तर?"

ते स्कूटरची किल्ली शोधत राहिले. खिशात सापडली तरी शोधत राहिले.

"मी पोलिसात जात न्हाई, कुठं जात न्हाई," मी म्हणाले. "फक्त आत चला. एकदा तिला खरं सांगा. ती माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकती."

आप्पा माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, तेही खोटं नव्हतं. "सुमन," ते म्हणाले, "त्या माउलीचा एवढा विश्वास हाय माझ्यावर. या वयात तो मोडू व्हय मी?"

आणि स्कूटर चालू करून गेले. कोपऱ्यावरच्या दोघातिघांनी उठून नमस्कार केला. त्यांनी सवयीनं हात वर केला. पांढरा शर्ट वळणावरून दिसेनासा झाला. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत आणि मी समोर बघायचं सोडलं. मशीनचं तोंड भिंतीकडं करून घेतलंय.

त्या दुपारी मी घरात आले. आई डोळे मिटून पडली होती. "गेलं व्हय?" तिनं विचारलं.

"गेले."

"चहा तरी पुरता घेतला का?"

"घेतला," मी म्हणाले.

तिनं पांघरूण वर ओढलं. मला वाटलं झोप लागली. मग भिंतीकडं तोंड करून, हळू, रागानं नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, "तुला माझं चालणं बघवलं न्हाई, सुमे."

मी खाटेवर बसले आणि तिचे पाय चेपायला लागले.